दोन एचपीची कडबाकुट्टी: मक्याला झकास, कडब्याला जपून

गोठ्यात तीन-चार जनावरं असतील तर सिंगल फेजवरची दोन एचपी कडबाकुट्टी, म्हणजे चारा बारीक कापायचं यंत्र, पुरते. सिन्नर-निफाडकडे मळ्यातल्या वस्तीवर थ्री फेज हवी तेव्हा मिळेलच असं नाही, त्यामुळे मोठ्या मोटरच्या मोहात पडू नये. हिरवा मका, हत्तीघास सरसर कापते. ज्वारीच्या वाळक्या कडब्यावर मात्र दमते. पाणी शिंपडून थोडी थोडी ताटं सोडली तर चालते, पेंढी कोंबली की बेल्ट घसरलाच.

कुट्टी चिंध्यांसारखी लांब पडू लागली की आधी पात्यांची धार बघायची. धार ठीक असेल तर पातं आणि समोरची पट्टी यांतली फट वाढलेली असते. बोल्ट सैल करून पातं पुढे सरकवायचं, चाक हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना हे पाहायचं, मगच आवळायचं. पातं आणि पट्टीमध्ये धरलेला जाड कागद चाक हाताने फिरवल्यावर स्वच्छ कापला गेला पाहिजे. हे करताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही? बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला किंवा व्होल्टेज कमी. घरातली बारीक एक्स्टेंशन वायर लावू नये; 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचा सॉकेट लागतो.

खटकतं ते चाऱ्याच्या तोंडावरचं आखूड झाकण. हात थेट चारा आत ओढणाऱ्या रोलरपर्यंत पोचतो. गावातल्या वेल्डरकडून पत्रा वाढवून घ्यावा. रोलर उलटे फिरवायचा रिव्हर्सचा दांडा नसलेलं मॉडेल स्वस्त असलं तरी नकोच.