ट्यूबलेस टायर, नऊ महिन्यांनंतर: तक्रार काट्यांची नाही, पिनीची आहे

टायरचं नाव लिहिणार नाही. भांडण टायरशी नाही, आणि ज्या दुकानाशी आहे त्याचं नाव लिहून माझे पैसे परत यायचे नाहीत. ७०० बाय ३२ चे ट्यूबलेस दसऱ्याला सायकलीच्या दोन्ही चाकांना बसवले, आता आषाढ लागलाय. मधल्या काळात त्यांच्यावर साडेपाच हजार किलोमीटर झाले. त्यात गोव्याची ७०.३ (पोहणं, सायकल, पळणं अशी अर्ध्या आयर्नमॅनची ट्रायथलॉन), २००-३००-४००-६०० किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब सायकलफेऱ्या), एक ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन, आणि उरलेली सगळी पहाटेची लातूर-औसा, लातूर-रेणापूर अशी रपेट. माझं वजन ७६, हवा पुढे ५०, मागे ५५. बाकी माहिती डब्यावर छापलेली असते.

ट्यूबलेसकडे वळलो ते वेड्या बाभळीपायी. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही कडेला तीच. सुगी झाली की लोक बांध साफ करतात, फांद्या ओढत रस्त्यापलीकडे नेतात, आणि मागे डांबरावर काटे शिंपडून ठेवतात. त्यातून सुटलात तर सराटा आहेच. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वरच असतो. मागच्या सीझनला ट्यूब होत्या. माझं कृषी सेवा केंद्र आहे, उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी पंक्चर मांडून ठेवतो. १९ झाली. त्यातली चार एकाच २०० मध्ये. साडेतेरा तासांची मुदत, मी पोचलो तेव्हा अकरा मिनिटं शिल्लक होती, आणि चौथ्या पंक्चरला सोल्यूशनची नळी वाळलेली निघाली म्हणून कासारशिरशीच्या एका पोराची सायकल अडवून त्याच्याकडनं मागून घ्यावं लागलं.

तर टायर जोडी ६,४००, सीलंटची बाटली ९५०, रिमची पट्टी आणि वॉल्व्ह मिळून दीड हजार. बायकोला आकडा सांगितला नाही. दुकानदार म्हणाला, "आता पंक्चर विसरा, काही बघावं लागत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

बसवणं सोपं नाही. टायरची कड रिमवर टणकन बसायला एकदम भरपूर हवा लागते, हातपंपानं दमछाक होते. मी सरळ ट्रॅक्टरच्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसरवर नेलं. सीलंट म्हणजे पातळ दुधासारखं रबर. काटा घुसला की हवेबरोबर ते भोकातून बाहेर येतं आणि तिथंच सुकून बूच बसतं. बाटली उघडली तर अमोनियाचा वास. दिवसभर खतात बसणाऱ्या माणसाचं नाक ते लगेच ओळखतं. ते आत भरायला जनावरांना इंजेक्शन द्यायची मोठी सिरिंज वापरली. कंपनीची सिरिंज ६०० ला मिळते, आपली ४० ला.

पहिली परीक्षा गोवा. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० सायकल, मग २१.१ पळायचं, सगळं साडेआठ तासांत. पोहण्याबद्दल दोन शब्द, कारण लोक विचारतात लातूरचा माणूस पोहतो कुठं. विहिरीत. लहानपणी पाठीला भोपळा बांधून जिथं शिकलो त्याच विहिरीत, गोल गोल. ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथं मार्चनंतर सरावाचं वेळापत्रक विहीर ठरवते. पाणी खाली गेलं की पोहणं कमी आणि पायऱ्या चढणं जास्त. समुद्रात वळायला भिंत नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

टायरचं सांगायचं तर सायकल आदल्या दिवशीच रांगेत लावून ठेवावी लागते. सकाळी अंधारात जाऊन दाबून पाहिलं, मागचा मऊ. शेजाऱ्याचा पंप मागून घेतला. एक दट्ट्या मारला, पंपाचा काटा ११० वर गेला. सोडला की खाली. पुन्हा मारला, पुन्हा ११०. टायर तसाच मऊ. मी त्या भल्या माणसाला म्हणालो, तुमचा पंप बिघडलाय. तो बिचारा ओशाळला. शेवटी कशीबशी दहा-बारा पौंड हवा गेली आणि तेवढ्यावर ९० किलोमीटर काढले. पंप ठणठणीत होता. त्या गृहस्थाची इथं जाहीर माफी मागतो.

कारण हवा अडत होती ती पिनीत. असल्या सायकलींना प्रेस्टा नावाचा बारीक वॉल्व्ह असतो, त्याच्या आत आट्यांनी बसवलेला, बोटाच्या एका पेराएवढा पितळी तुकडा असतो. त्याला कोअर म्हणतात, मी पिन म्हणतो. आतलं दूध तिच्यावर सुकत जातं आणि भोक चोंदतं. पंपाचा काटा उडतो, हवा मात्र जात नाही. रोज माझ्या दुकानात दोन शेतकरी फवारणी पंपाचं नोझल चोंदलं म्हणून येतात, आणि मला दोन महिने हे ओळखू आलं नाही.

२०० आणि ३०० निघून गेल्या. ३०० ला बीडपर्यंत जाऊन परत, मांजरसुंब्याच्या घाटासकट, एकदाही थांबलो नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, ट्यूबलेस घ्या.

मग जानेवारीतली ४००. अहमदपूर, लोहा, नांदेड ओलांडून आखाडा बाळापूरच्या पुढे जायचं आणि त्याच वाटेनं परत, २७ तासांत. रात्री दीडचा सुमार, लोहा मागे टाकलं होतं, सगळे मिळून तीनशेच्या आसपास झाले होते. उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो म्हणून नजर समोर. मागचं चाक लोण्यासारखं हलायला लागलं. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, त्यातलाच एक होता. तार उपटली, भोकातून दूध आलं, थांबलं. वा! आता फक्त हवा भरायची.

हवा जाईना. गोव्याचाच प्रकार. छोट्या पंपाची नळी आट्यांची आहे, ती जोर लावून घट्ट केली, तरी जाईना. रागानं नळी उलटी फिरवली तर तिच्याबरोबर पिनच उलगडून आली. आत उरलेली सगळी हवा दुधासकट माझ्या चष्म्यावर. आणि पिन? नळीच्या तोंडातून सुटून खाली. काळी माती, वाळलेलं गवत, रात्र, डोक्यावर एक बॅटरी.

गुडघ्यांवर बसून चाळीस मिनिटं शोधली. शंभर पावलांवर धाबा होता आणि त्याला लागून ट्रकचं पंक्चर काढणारा, जागा होता. तो टॉर्च घेऊन आला. "मालक, हे दूध कशाचं उडालंय?" मी सांगितलं. त्यानं चाक फिरवून पाहिलं. "ह्याला साधी वॉलट्यूब न्हाई बसत?" नाही बसत. मग तो गेला आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून घेऊन आला. दोघांनी मिळून दहा मिनिटं ते गवतातून फिरवलं. तीन तारा, एक खिळा, एक बाटलीचं झाकण निघालं. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे शाळेत शिकलेलं मला दहा मिनिटांनी आठवलं.

शेवटी पिशवीतली ट्यूब टाकायची ठरवली. त्यासाठी वॉल्व्हची चकती सोडवायला हवी, तीही सुकलेल्या दुधानं चिकटलेली, बोटानं हलेना. त्यानं पक्कड आणली. टायरच्या आतून बोट फिरवलं तर दोन काटे टोचले, ते काढले. तिसरा राहिला असणार, कारण पुढे दर पंधरा किलोमीटरला उतरून पंप मारावा लागला. पावणेचारला तिथून निघालो. लातूरला ब्रेव्हे कार्डावर वेळ पडली २६ तास ३८ मिनिटं. पंक्चरवाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "काम कुठं झालं?"

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या शहरातल्या दुकानाला फोन. पिन हवी, एक. "पिन वेगळी येत नाही सर, वॉल्व्हचा पूर्ण सेट घ्यावा लागेल. ११५०." मी म्हटलं, अहो, रॉकेलच्या स्टोव्हची पिनसुद्धा सुटी मिळायची. मी स्वतः फवारणी पंपाचा दोन रुपयांचा वायसर सुटा विकतो, गिऱ्हाईक चाळीस किलोमीटरवरून त्या वायसरसाठी येतं आणि जाताना पंप बघून जातं. मग हमीचा विषय काढला. उत्तर आलं, सीलंटमुळे झालेल्या बिघाडाला हमी नाही. म्हणजे जो टायर सीलंटशिवाय चालत नाही, त्यात सीलंट घातलं हीच माझी चूक. आणि "काही बघावं लागत नाही" याचं काय, असं विचारलं तर तो म्हणे ते आमच्या मुलानं सांगितलं असेल. तीन दिवस मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत होतो. ज्यांना सायकलीत रस नाही त्यांनाही.

सुट्या पिना मिळतात. ऑनलाइन शोधल्यावर ४० रुपयाला एक मिळाली, पोचवायचे ९० वेगळे. चार घेतल्या म्हणजे ते ९० विभागले जातात.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही पिना काढतो, कोमट पाण्यात टाकतो, आणि वॉल्व्हच्या नळीत आईच्या जुन्या स्टोव्हची पिन फिरवतो. दुधाची रबरी नळकांडी निघते, नाकातल्या मेकडासारखी. माफ करा, पण तशीच दिसते. हवा भरताना वॉल्व्ह चाकाच्या वरच्या अंगाला आणून मिनिटभर थांबायचं, म्हणजे दूध खाली उतरतं. पिन किल्लीनं घट्ट बसवायची, नाहीतर पंपाच्या नळीबरोबर येते. दोन जास्तीच्या पिना सीटखाली चिकटपट्टीनं लावलेल्या असतात. फेब्रुवारीतली ६०० सोलापूर, विजयपूर करून आलो, चाळीस तासांच्या मुदतीत, टायरला हातसुद्धा लावला नाही. चार ब्रेव्हे एका सीझनमध्ये झाल्या म्हणून सुपर रँडोनिअर झालो, घरात कुणाला त्याचं काही नाही.

उन्हाळ्यात मात्र सीलंट टिकत नाही. चाळीसच्या पुढे पारा गेला की दोन महिन्यांत सुकतं. एप्रिलमध्ये चाक हलवून पाहिलं, काही खळखळ नाही. तीन-चार महिने असं बाटलीवर लिहिलंय ते कुठल्या गावचं कुणास ठाऊक. म्हणजे वर्षाला तीन बाटल्या, २,८५०. वहीत १९ पंक्चरांचा खर्च निघतो ट्यूबा धरून बावीसशे. हिशेबात ट्यूबलेस महाग पडला. इथवर मी गेल्या रविवारी लिहिलं होतं, आणि पुढचं वाक्य होतं: पुन्हा ट्यूबवर जातोय.

ते वाक्य खोडलं. मागच्या टायरची नक्षी गेली म्हणून परवा पुढचा मागे घ्यायला काढला. पुढचा दसऱ्यापासून उघडलाच नव्हता. आतल्या बाजूनं हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी टायर मांडीवर घेतला, चष्मा पुसला, आणि पायातले काटे काढायचा आपला चिमटा मागवला. एकेक काटा ओढून वर्तमानपत्रावर ठेवायचा, जागा बोटानं चाचपायची, पुढे सरकायचं. काही बाहेरून मोडून आत राहिलेले, प्रत्येकाभोवती पांढऱ्या रबराची टोपी. पुढच्या टायरमध्ये तेरा. मागच्यात, जानेवारीपासूनच्या, दहा. बहुतेक बाभळीचे, चार सराट्याचे, एक तार. तेवीस वेळा मी रस्त्याकडेला बसायला हवा होता आणि मला पत्ताही नव्हता.

आबा म्हणाले, "ह्यातला एक माझ्या टाचेत गेला असता तर आठ दिवस बसून राहिलो असतो." मग विचारलं, "हे औषध चपलेत चालतं का?"

तेव्हा पुढच्या चाकाला नवा टायर घेतोय, तोच, ३,३०० ला, दुसरीकडून. मोठ्या भोकाचे वॉल्व्ह आता निघालेत, ते चोंदत नाहीत म्हणे. जोडी अडीच हजाराच्या वर आहे. स्टोव्हची पिन आहे तोवर मला परवडत नाहीत. चार पिनांतली एक मागच्या चाकात, दोन सीटखाली. चौथी एका काडेपेटीत घालून ठेवलीय, नांदेडला माल आणायला जाईन तेव्हा लोह्याच्या अलीकडे त्या पंक्चरवाल्याकडे देणार आहे. पुढच्या जानेवारीत मी नाही तर दुसरा कुणीतरी तिथं गुडघ्यांवर असेल, आणि त्याचं दुकान रात्री उघडं असतं.