औरंगपुऱ्यातील भरतकामाचे दुकान आणि आमच्या बंड्यांवरचे पॅच

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत कंप्युटर भरतकामाचे छोटेसे दुकान आहे. शाळांचे मोनोग्राम, सुरक्षारक्षकांच्या खांद्यावरच्या पट्ट्या, बँडपथकांचे गणवेश आणि गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत ढोलपथकांच्या कुर्त्यांवरची नावे हे तेथील नेहमीचे काम. गेल्या वर्षी आमच्या दुचाकीस्वारांच्या गटासाठी मी तेथून डेनिमच्या चौदा बंड्यांवरचे पॅच करून घेतले. त्यानंतर मराठवाड्याचा एक पुरा उन्हाळा आणि एक पावसाळा त्या बंड्यांनी आमच्या अंगावर काढला आहे, त्यामुळे आता या कामाविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

आमचा गट रविवारी पहाटे निघतो आणि म्हैसमाळ, अजिंठा किंवा पैठणपर्यंत जाऊन दुपारच्या आत घरी परततो. दिवाळीच्या सुट्टीत एखाद वेळी औसा किंवा परांड्याच्या किल्ल्यापर्यंत मजल मारतो. गटाला एक ओळख असावी, अशी तरुण सभासदांची इच्छा होती. त्यांच्यापैकी एकाने मोबाइलवर नमुना आणला होता. त्यात पाठीवर वरच्या बाजूला कमानीसारखी पट्टी व तीत गटाचे नाव, मध्ये पंख असलेली कवटी, खाली उलट्या कमानीत ‘मराठवाडा’ आणि छातीवर हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत ‘१%’ असे सगळे होते. दुकानाच्या मालकांनी तो नमुना बराच वेळ पाहिला आणि मला विचारले, “सर, हे एक टक्का कशाचं आहे? मी जे शिवतो ते काय आहे, ते मला माहीत असावं लागतं.”

या एका प्रश्नासाठी मी या दुकानाला सर्वांत वरचे स्थान देतो. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला असा प्रश्न विचारणारा कारागीर मला यापूर्वी भेटलेला नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. गटातील अकरा जणांना ते ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही तेथेच फळीवर बसून अर्धा-पाऊण तास बोललो.

ती गोष्ट अमेरिकेतील आहे. १९४७ च्या जुलैमध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मान्यतेने मोटारसायकलींचा मेळावा भरला होता. सुमारे चार हजार लोक गोळा झाले आणि गावात पोलीस होते अवघे सात. दारू, रस्त्यावरच्या शर्यती, दंगामस्ती आणि पन्नासच्या आसपास अटका, एवढेच प्रत्यक्षात घडले. पण ‘लाइफ’ साप्ताहिकाने बिअरच्या बाटल्यांच्या ढिगात मोटारसायकलवर रेललेल्या एका माणसाचे छायाचित्र पानभर छापले आणि साऱ्या देशाच्या मनात मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड ही प्रतिमा बसली. ते छायाचित्र जुळवून आणलेले होते, असे एका प्रत्यक्षदर्शीने पुढे सांगितले. नव्याण्णव टक्के स्वार कायदा पाळणारे आहेत, अशा अर्थाचे विधान त्या वेळी असोसिएशनने केले, असे सर्वत्र सांगितले जाते. असे विधान केल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे असोसिएशन म्हणते. विधान झालेले असो वा नसो, काही क्लबांनी उरलेला एक टक्का आपण आहोत असे अभिमानाने जाहीर केले आणि तो आकडा अंगावर शिवून घेतला. आमच्या तरुण सभासदाने मोबाइलवर आणलेला हिरा तो हाच.

हे क्लब उभे करणाऱ्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेले बरेच सैनिक होते. लष्कराने विक्रीला काढलेल्या मोटारसायकली स्वस्तात मिळत होत्या, आणि युद्धात ज्यांनी एकमेकांचे प्राण सांभाळले त्यांना कारखान्याच्या पाळीत ती सोबत सापडत नव्हती. हेल्स एंजल्स हा क्लब १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो-फॉन्टाना परिसरात सुरू झाला. शिकागोजवळचा आउटलॉज त्याच्याही आधीचा, १९३५ चा. टेक्सासमध्ये १९६६ साली बॅन्डिडोस निघाला. यांतील बहुतेक क्लब गोऱ्या पुरुषांचेच राहिले. कृष्णवर्णीय तरुणांनी १९५९ मध्ये ओकलंड येथे ईस्ट बे ड्रॅगन्स हा आपला वेगळा क्लब काढला, तर १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी मंगोल्सची स्थापना केली. सैनिकांच्या एकाकीपणातून जन्मलेली ही संस्कृती पुढे अमली पदार्थांच्या व्यापारापर्यंत आणि खुनांपर्यंत पोहोचली, आणि संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९७० मध्ये झालेला रिको हा कायदा अमेरिकी सरकारने या क्लबांविरुद्ध अनेकदा वापरला. मला या इतिहासाविषयी मनापासून आस्था आहे आणि तो वाचताना वाईटही वाटते, कारण त्याच्या मुळाशी असलेली सोबतीची भूक खरी होती.

मालकांना मात्र पॅचच्या रचनेत अधिक रस होता, आणि एका परीने सगळे सार तेथेच आहे. तीन तुकड्यांचा पॅच ही त्या जगातली लिपी आहे. वरची कमान क्लबचे नाव सांगते, मधले चिन्ह क्लबची खूण असते आणि खालची कमान प्रदेश सांगते. उमेदवाराला सुरुवातीला पूर्ण पॅच मिळत नाही. महिनोन्‌महिने पडेल ते काम करून, सभासदांच्या मतदानानंतर तो मिळवावा लागतो. बंडी सभासद विकत घेत असला तरी पॅच क्लबच्या मालकीचा असतो आणि क्लब सोडताना तो परत करावा लागतो. खालच्या कमानीचे महत्त्व तर रक्त सांडण्याइतके आहे. टेक्सास हे नाव खाली लावण्याचा हक्क आपलाच, असे बॅन्डिडोस मानत आले. कोसॅक्स नावाच्या दुसऱ्या क्लबाने त्यांची संमती न घेता ते लावले, आणि या वैरातून १७ मे २०१५ रोजी वेको शहरातील एका उपाहारगृहाच्या आवारात पोलिसांच्या गोळीबारासह जी चकमक झाली तीत नऊ जण ठार झाले. १७७ जणांना अटक झाली. २०१९ मध्ये उरलेले सर्व खटले मागे घेण्यात आले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. हातभर लांबीच्या कापडी पट्टीवरून हे घडले, हे ऐकल्यावर आमच्या त्या तरुण सभासदाने नमुन्यातली खालची कमान स्वतःच खोडली.

पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा दिंडीत पताका कोणी धरायची, वीणा कोणाकडे, कोणती दिंडी कोणाच्या मागे, याचाही ठरलेला क्रम असतो आणि लोक तो प्राणपणाने जपतात. खुणेवर आणि क्रमावर माया असणे हे आपल्याला परके नाही. म्हणूनच उसनी खूण पाठीवर घेणे मला विशेष खटकत होते.

शेवटी एकाच तुकड्याचा गोल पॅच ठरला. मध्ये देवगिरीच्या डोंगराची आकृती, भोवती देवनागरीत गटाचे नाव, आणि कवटी नाही, टक्का नाही. गटात तीन स्त्रिया आहेत. अमेरिकेतील त्या एक-टक्का क्लबांत स्त्रीला सभासद होता येत नाही आणि काही ठिकाणी तिच्या बंडीवर ती कोणाच्या मालकीची आहे हे लिहिलेले असते. आमच्या तिघींना पुरुषांच्याच मापाचा आणि मजकुराचा पॅच मिळाला, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

आता कारागिरीविषयी. देवनागरी अक्षरे गोलाकार भरणे अवघड असते, कारण शिरोरेषा वळवावी लागते आणि वेलांट्या दाट टाक्यांत बुजतात. पहिल्या नमुन्यात नेमके हेच झाले होते. शिरोरेषा दोन ठिकाणी तुटली होती आणि अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटला होता. मी काही बोलण्याआधीच मालकांनी तो बाजूला ठेवला आणि डिझाइन पुन्हा पंच केले, म्हणजे यंत्रासाठी टाक्यांची आखणी नव्याने केली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मागे दुहेरी बकरम (ताठ अस्तराचे कापड), चमकदार रेयॉनऐवजी पॉलिस्टरचा दोरा आणि कडेला दाट टाका, असा त्यांचा सल्ला होता. रेयॉन दिसायला सुंदर असते, पण आपल्या उन्हात ते लवकर उडते, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे ठरले. मे महिन्यात जालना रस्त्यावर भर उन्हात अडकलो आणि ऑगस्टमध्ये खुलताबादच्या घाटात चिंब भिजलो, तरी रंग उतरला नाही, कड उसवली नाही आणि कापड गोळा झाले नाही. एका सभासदाने आधी ऑनलाइन मागवलेला इस्त्रीने चिकटवायचा पॅच याच मे महिन्यात कोपऱ्यांतून सुटला होता.

पंचिंगचे एकदाच सहाशे रुपये आणि पाठीवरच्या प्रत्येक पॅचचे साडेचारशे रुपये पडले. दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे चित्र साधे ठेवले तर खर्च आटोक्यात राहतो. मुदतीबाबत मात्र तक्रार आहे. पंधरा दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात चोवीस लागले, आणि मधल्या काळात फोन करूनही नेमकी तारीख कळली नाही. गणपतीच्या आधी काम देणार असाल तर महिनाभराची तयारी ठेवावी.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती मी मालकांना तोंडावर सांगितली आहे. दुकानाच्या दर्शनी फळीवर बाहेरून आणलेले तयार पॅच टांगलेले असतात. त्यांत पंखांच्या कवट्या आहेत, एक टक्क्याचे हिरे आहेत, आणि महाविद्यालयीन मुले ते ऐंशी रुपयांना घेऊन जातात. हेल्स एंजल्सची पंखांची कवटी ही नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. तिच्या वापरावरून त्या क्लबाने २०१० मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या प्रसिद्ध फॅशन कंपनीवरही दावा लावला होता. मंगोल्सच्या चिन्हाचा खटला तर याहून विलक्षण आहे. क्लबाची खूणच जप्त करावी, म्हणजे ती अंगावर घालता येणार नाही, यासाठी अमेरिकी सरकारने २००८ पासून प्रयत्न केले. २०१९ मध्ये ज्युरीने जप्तीच्या बाजूने कौल दिला, पण न्यायाधीशांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन ती नाकारली आणि २०२३ मध्ये वरच्या न्यायालयातही तो निकाल टिकला. ज्या खुणांसाठी लोक इतकी वर्षे न्यायालयात भांडले, तसल्या खुणा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला अर्थ न सांगता विकणे योग्य नाही. मालकांनी ऐकून घेतले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा हिरे काढलेले होते, कवट्या अजून तशाच होत्या.

या दिवाळीनंतर आमच्या एका सभासदाची नांदेडला बदली झाली. बंडी परत द्यावी लागते का, असे त्याने मला विचारले. ती तुझीच आहे, असे मी त्याला सांगितले. दोन दिवसांनी दुकानातून फोन आला. “सर, तुमचे मित्र आलेत. पाठीवर, पॅचच्या खाली ‘नांदेड’ लावायचं म्हणतात. लावू का?” मी म्हणालो, पुढच्या खिशावर, लहान अक्षरांत लावा. त्यांनी तसेच लावले आणि त्याचे चाळीस रुपये घेतले.