न्याहारीचा ओट-केळी केक: म्हापशातील एका छोट्या बेकरीबद्दल

म्हापशाच्या बाजारालगतच्या एका छोट्या बेकरीत मिळणारा ओट आणि फळांचा केक न्याहारीसाठी मनापासून शिफारस करावी असा आहे. त्यात मैदा नाही, साखरही नाही. गोडवा येतो तो पिकलेल्या केळ्यांचा, खजुराचा आणि माडाच्या काळ्या गुळाचा, आणि या गुळाचा किंचित धुरकट स्वाद ओटच्या सौम्य चवीला असा काही उठाव देतो की वर लोणी वा जॅम लावण्याची गरज भासत नाही. केळी म्हापशाजवळच्या मोयरा गावची असतील तेव्हा तो अवश्य घ्यावा, कारण त्या घट्ट गराचे तुकडे भाजल्यावरही दाताखाली जाणवतात.

गव्हातल्यासारखे ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारे प्रथिन, ओटमध्ये नसल्याने असा केक सहसा भुसभुशीत होऊन विस्कटतो. येथे मात्र अंडी आणि केळ्याचा गर यांमुळे तो नीट बांधून येतो, आणि ओट आधी दुधात भिजवत असल्यामुळे कोरडाही पडत नाही. ओटमधील बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू पोट बराच वेळ भरलेले ठेवतो, हा लाभ वेगळाच.

केकमधल्या मनुका थोड्या कमी हव्यात, असे माझे मत आहे. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो बाहेर ठेवल्यास लवकर बुरशी धरतो. म्हणून घरी आणताच काप करून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खाण्यापूर्वी तव्यावर मंद आचेवर शेकावेत.