सात महिने वापरला: लॅपटॉप चांगलाय, पण ती बत्ती का काढली?

दिवाळीत घेतला तेव्हा मुद्दाम काही लिहिलं नव्हतं, आठ दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मॉडेल 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी वालं. मी कराडला घरून दुकानदारांची जीएसटीची कामं करते, म्हणजे टॅली, एक्सेल, पोर्टल आणि ढीगभर पीडीएफ. कीबोर्ड छान, नंबरपॅड आहे म्हणूनच तर घेतला. बॅटरी पाचेक तास जाते. स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. झालं, आता 11 जूनचं सांगते.

11 जूनला बुधवार होता आणि जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, शेवटची तारीख. त्या दिवसात गेलं नाही तर समोरच्या पार्टीच्या टूबीत (पोर्टलवर आपोआप तयार होणारी खरेदीच्या बिलांची यादी) त्या महिन्यात बिल दिसत नाही, मग ती पार्टी माझ्या पार्टीला बोलते आणि माझी पार्टी मला. चौघांचं राहिलं होतं. आदल्या रात्री बाराला बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' वर बोट गेलं आणि मी झोपले. सकाळी साडेआठला चालू केला तर गोल फिरणारे ठिपके आणि खाली 35 टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. चहा झाला, 35. पोळ्या झाल्या, 35. सासूबाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "अगं दमला असेल, राहू दे जरा." साडेअकरा वाजले तरी 35.

आता माझा मुद्दा. माझ्या जुन्या लॅपटॉपला पुढच्या कडेला एक बारीक बत्ती होती, हार्डडिस्क काम करत असली की लुकलुकायची. अपडेटला तासभर लागला तरी ती लुकलुकतीय म्हणजे आत काहीतरी चाललंय, आपण निवांत. ह्याला ती नाहीच! चार्जिंगची आहे, कॅप्स लॉकची आहे, पण आत काम चाललंय की मेलाय हे सांगणारी नाही. एसएसडीला आवाज पण नाही. मी अक्षरशः लॅपटॉपला कान लावून बसले होते पंख्याचा आवाज येतो का ऐकायला, हात लावून गरम लागतो का बघितलं, कॅप्स लॉक दाबून बघितलं तर बत्ती चालू-बंद होत होती, पण त्यानं फक्त पूर्ण हँग नाही एवढंच कळतं. एवढ्या पैशांत एक रुपयाची बत्ती बसवता येत नाही का? पातळ दिसावा म्हणून काढली म्हणे. पातळ घेऊन मी काय करू, मला रिटर्न भरायचेत.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही, आणून द्या, फॉरमॅट मारावं लागेल, 2,800 रुपये, डेटाची गॅरंटी नाही, तीन दिवस. बघितला पण नाही आणि फॉरमॅट! ठेवून दिला फोन.

मग स्वतःच केलं. तीन तास आकडा हलला नाही म्हटल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद केला. परत चालू केला, परत तेच. मग चालू करून लोगो आला की लगेच बटण दाबून धरायचं, असं दोन-तीनदा केलं की तो स्वतःच ऑटोमॅटिक रिपेअरमध्ये जातो. (हे एरवी करू नका हां, नाइलाज होता म्हणून.) तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स, लेटेस्ट क्वालिटी अपडेट. दाबलं, तर म्हणतो रिकव्हरी की द्या. 48 आकडी! मी असं काही लावलेलंच नाही!

तर झालं होतं असं की दुकानातल्या पोरानं लॅपटॉप सेट करताना स्वतःचाच मेल टाकून लॉगिन केलं होतं, "ताई नंतर बदलून घ्या" म्हणाला होता आणि मी बदललं नव्हतं. एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, आपोआप चालू झालेलं आणि ती रिकव्हरी की त्याच्या अकाउंटला. फोन लावला तर तो गाडीवर, भर पावसात, पेट्रोल पंपाच्या शेडखाली थांबला बिचारा. मोबाइलवर अकाउंट उघडलं तर त्यात अकरा कीज, म्हणजे अख्ख्या गावाचे लॅपटॉप ह्याच्याच नावावर! स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवायची. "ताई, चार एफ नं सुरू होणारी का?" "हो तीच, सांग." सहा-सहा आकडे करून वाचले त्यानं, मध्ये ट्रक गेला की परत पहिल्यापासून. वीस मिनिटांनी डेस्कटॉप दिसला. चौथं रिटर्न रात्री दहाला दहा कमी असताना गेलं.

इथपर्यंत लिहून एक स्टार देणार होते. पण मग सी ड्राइव्ह बघितला तर 900 एमबी शिल्लक. त्याच पोरानं पार्टिशन करून सी फक्त 100 जीबीचा ठेवलेला, आणि मी मूर्खासारखं सगळं डाउनलोड्समध्ये आणि डेस्कटॉपवर, माझ्या पोराचे क्रिकेटचे व्हिडिओसुद्धा. डी रिकामा पडलेला. अपडेटला हलायला जागाच नव्हती, तर करणार काय ते. म्हणजे ह्यात लॅपटॉपचा दोष नाही, हे मान्य करावं लागेल. सगळं डी ला हलवलं, सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट थांबवून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशनमधलं डाउनलोड फोल्डर (अपडेट तिथं उतरतं) रिकामं केलं, माझ्या मेलनं लॉगिन केलं, एन्क्रिप्शन बंद करून परत चालू केलं, आणि नवीन की ची प्रिंट रेशनकार्डाच्या फायलीत ठेवली.

ऑगस्टमध्ये भर घालतेय. विंडोजचं हे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा आपल्याकडे रात्री साडेदहाला. दुसरा मंगळवार म्हणजे 8 ते 14 मधली तारीख, आणि आपली 11 त्यातच! त्यामुळे मी 7 तारखेला दोन आठवडे पॉज टाकते, 20 ची थ्रीबी (महिन्याचा कर भरायचं रिटर्न) गेली की मग चार्जर लावून दुपारी सोडते. जुलैचं अठरा मिनिटांत झालं. तरी स्क्रीनसमोर बसूनच होते, बत्ती नाही ना.

तीन स्टार. एक स्पीकरचा कापला, एक बत्तीचा. परवा कंपनीकडून फीडबॅकचा फोन आला होता, त्या मुलीला बत्तीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, कॅप्स लॉकची लाइट चालते ना?"