नोकरी सोडताना ऑफिसची मेडिक्लेम स्वतःच्या नावावर करून घेतली : ५ पैकी ३ स्टार

इन्शुरन्स कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उद्या क्लेम त्यांच्याकडेच करायचाय. सर्व्हिसचं नाव मायग्रेशन. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच इन्शुरन्स कंपनीची वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम) पॉलिसी घ्यायची आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं नव्या पॉलिसीच्या वेटिंग पिरियडमधून (काही आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) वजा करून घ्यायची, एवढंच. हा हक्क आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाने दिलेला आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पण मला हे सांगितलं कोणी, तर कोणीच नाही. नणंदेने गेल्या वर्षी केलं होतं म्हणून कळलं.

एचआरचा एक्झिट फॉर्म आला त्यात १४ रकाने होते. लॅपटॉप, चार्जर, माउस, अ‍ॅक्सेस कार्ड, ड्रॉवरची किल्ली, अगदी पार्किंगचा स्टिकर पण परत द्यायचा होता. मेडिक्लेमबद्दल अवाक्षर नाही. विचारलं तर एचआरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅम ते तुमच्या लास्ट वर्किंग डेच्या रात्री बारापर्यंत चालू राहील, मग सिस्टीममधून आपोआप डिलीट होतं. म्हणजे आई, बाबा, नवरा, मुलगी सगळेच डिलीट. नवऱ्याचं फ्रीलान्सिंग आहे आणि मी स्वतःचं काम सुरू करायला नोकरी सोडत होते, त्यामुळे घरातली पाचही माणसं त्या एका कार्डावर होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

पहिले चार दिवस मी चुकीच्या लोकांना फोन करण्यात घालवले. ई-कार्डावर मोठ्या अक्षरात टीपीएचं नाव असतं ना, मी त्यांनाच फोन करत बसले. टीपीए ही मधली एजन्सी, ती फक्त क्लेम बघते, पॉलिसी देतं ती इन्शुरन्स कंपनी, आणि तिचं नाव कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. तिथला नंबर लावला तर पहिला माणूस म्हणाला, मॅडम पोर्टिंगसाठी रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज लागतो. अहो पण मला पोर्ट नाही करायचं, मायग्रेट करायचंय. पोर्ट म्हणजे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाणं, मायग्रेट म्हणजे त्याच कंपनीत एका पॉलिसीतून दुसरीत. हा फरक मी त्यालाच समजावला. तिसऱ्या फोनला एक बाई भेटल्या, त्यांना सगळं नीट माहीत होतं, त्यांनी ईमेल आयडी दिला आणि काय काय जोडायचं ते पण सांगितलं. ग्रुपचा मास्टर पॉलिसी नंबर, सगळ्यांचे मेंबर आयडी, प्रत्येक जण कुठल्या तारखेपासून कव्हरमध्ये आहे त्याचं पत्र, आणि रिलीव्हिंग लेटर किंवा राजीनामा मंजूर झाल्याचा मेल. तीनातला एक स्टार निव्वळ त्या बाईंचा.

तारखांचं पत्र तेवढं ऑफिसात असतानाच एचआरकडून काढून घ्या. कंपनीचा मेल आयडी बंद झाला की तुम्ही त्यांच्यासाठी परके, मग नुसते रिमाइंडर टाकत बसा.

मधल्या काळात ओळखीच्या एजंटला विचारलं. तो म्हणतो, ताई कशाला त्या भानगडीत पडता, फ्रेश घ्या, मस्त प्लॅन आहे, सगळं कव्हर. सगळं कव्हर, बरं का. आईला दहा वर्षांपासून बीपी, बाबांना शुगर आणि गुडघे गेलेले. फ्रेश पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावता येतं (एप्रिल २०२४ च्या आधी तर चार वर्षं होतं), मोतीबिंदू, हर्निया, गुडघा वगैरेंना बऱ्याच पॉलिसींमध्ये दोन वर्षं वेगळी. ग्रुपमध्ये हे सगळं पहिल्या दिवसापासून कव्हर होतं म्हणून वेटिंग हा शब्दच कधी कानावर आला नव्हता. हे विचारल्यावर एजंट म्हणाला, ते बघू आपण फॉर्म भरताना. काय बघणार होता देव जाणे, मी पुन्हा फोन केला नाही.

तर जुन्या वर्षांचं क्रेडिट (वेटिंगमधली वजावट) कसं मिळालं ते सांगते, खरी मेख इथेच आहे. आई माझ्या पॉलिसीत पाच वर्षं होती, तिचं वेटिंग पूर्ण माफ, बीपी पहिल्या दिवसापासून कव्हर. बाबांचं नाव मी दोनच वर्षांपूर्वी घातलं, तोपर्यंत ते त्यांच्या जुन्या ऑफिसच्या रिटायर्ड लोकांच्या स्कीममध्ये होते, आणि ती सोडली तेव्हा कंटिन्युइटी (जुनी वर्षं पुढे मोजली जाणं) वगैरे काय असतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांना दोन वर्षांचं क्रेडिट, शुगर आणि गुडघ्यासाठी अजून एक वर्ष थांबायचं. आणि क्रेडिट मिळतं ते जुन्या कव्हरच्या रकमेपुरतंच. ग्रुपमध्ये ५ लाख होते, आम्हा तिघांसाठी मी १० लाखांचं घेतलं, तर नवऱ्याच्या थायरॉइडला पहिल्या ५ लाखांपुरतं क्रेडिट आणि वरच्या ५ लाखांना नव्याने वेटिंग. हे वाईट आहे असं नाही पण फोनवर कोणीच सांगत नाही, पॉलिसीच्या कागदात सापडतं.

मायग्रेट करतोय म्हणून डोळे झाकून घेतात असंही नाही, अंडररायटिंग होतं, म्हणजे तब्येत तपासून कंपनी ठरवते. आई-बाबांच्या टेस्ट सांगितल्या. सकाळी सातला रक्त घ्यायला मुलगा घरी आला, बाबा सोफ्यावर बसलेले, समोर कप रिकामा. फास्टिंग होतं बाबा! तर म्हणाले, बिस्किट नाही खाल्लं, नुसता चहा घेतला, तो पण अर्धाच. मुलगा बिचारा परत गेला, पुढची अपॉइंटमेंट तीन दिवसांनी. त्या रात्री आईने चहाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

हे तीन दिवस शेवटी महागात पडले असते. अर्ज महिनाभर आधी करा असं त्या बाई म्हणाल्या होत्या आणि मी टीपीएच्या नादात लास्ट वर्किंग डेच्या जेमतेम तीन आठवडे आधी केला. शुक्रवारी रात्री बाराला जुनं कव्हर संपलं आणि नवी पॉलिसी हातात आली नऊ दिवसांनी. क्रेडिट तुटलं नाही, तेवढं त्यांनी नीट केलं, पण त्या नऊ दिवसांत काही झालं असतं तर सगळं खिशातून. बाबांना जिन्यावरून एकटं उतरू दिलं नाही आम्ही, मुलीची सायकल बंद, आणि नवरा गच्चीवरची टाकी साफ करायला निघाला होता त्याला मी अक्षरशः ओरडले.

पैशाचं बोलायचं तर दुखतं. ग्रुपमध्ये आई-बाबांचे पैसे पगारातून जायचे ते कळायचेही नाहीत. आता दोघांच्या ५ लाखांच्या फ्लोटरला ६१ हजार, त्यात बाबांच्या शुगरसाठी लावलेला जादा प्रीमियम (लोडिंग) धरून. नवरा म्हणाला, एवढे पैसे भरायचे, आणि हे दोघं तर गेल्या पाच वर्षांत एकदा पण अॅडमिट झाले नाहीत, मी म्हटलं तू असं बोलूच नकोस. त्यातल्या त्यात बरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, नाहीतर याच्यावर अजून अकरा हजार लागले असते. जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर सीनियर आई-वडिलांच्या प्रीमियमचे ५० हजारांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतात, नव्यात नाही. बाबा आता ६८ चे आहेत, ७० पूर्ण झाले की आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्ड काढणार आहोत, त्याला उत्पन्नाची अट नाही, पण तोपर्यंत हेच.

प्लॅन आवडला नाही तरी मायग्रेट करून घ्या असं मी म्हणेन, पुढच्या रिन्यूअलला दुसरी कंपनी बघून पोर्ट करता येतं आणि जमा झालेली वर्षं सोबत जातात. मी पण तेच करायच्या विचारात आहे, कारण या प्लॅनमध्ये रूम रेंटला लिमिट आहे आणि ते मला पॉलिसी आल्यावर पान क्रमांक ११ वर दिसलं. माझी चूक, आधी वाचायला हवं होतं.

दोन स्टार कापलेत ते कॉल सेंटरचे आणि त्या नऊ दिवसांचे. अजून अर्धा कापणार होते, पॉलिसीत बाबांची जन्मतारीख चुकलीय, ते आईपेक्षा दोन वर्षांनी लहान झालेत. करेक्शनची रिक्वेस्ट टाकून १२ दिवस झाले, उत्तर आलं की अपडेट करते. बाबांचं म्हणणं आहे राहू दे तसंच.