टिवा वर्कशॉप, संभाजीनगर: पंप खरा आहे, आता ड्रेप पण टाका
संभाजीनगरात एका सेंटरचं टिवाचं (म्हणजे गॅसऐवजी सगळी भूल शिरेतून देण्याचं) सिम्युलेटर वर्कशॉप केलं, बीड-परभणीकडचे आपले ज्युनियर सारखं विचारायलेत कसं होतं म्हणून, तर इथंच सविस्तर लिहितो. चांगलंय, जा. पण एका गोष्टीवर सेंटरवाल्यांनी काम करायलाच पाहिजे.

पंप खराखुरा टीसीआयवाला, म्हणजे औषधाची किती पातळी हवी ते टार्गेट दिलं की डोस स्वतः ठरवणारा. वय, वजन, उंची आपणच भरायची, डोसच्या हिशोबाचं मॉडेल मार्श का श्नायडर ते आपणच ठरवायचं, आणि ७५ वर्षांच्या आजोबांना तरण्या पोराचं टार्गेट दिलं की बीपी धाडकन खाली. सिरिंजमध्ये प्रोपोफॉलच्या (भुलीचं पांढरं औषध) जागी पाणी घातलेलं दूध, वर 'फक्त ट्रेनिंगसाठी' असं मोठं लेबल. हे लै आवडलं, कारण पांढरं औषध लाईनमधून सरकताना दिसलं की नजर आपोआप तिकडं जाते, सलाईन भरलं असतं तर कुणी बघितलंही नसतं.

आता खटकलेलं. मॅनिकिनचा, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याचा, हात उघडा, शिरेतली कॅन्युला (औषध जायची नळी) सगळ्यांना लख्ख दिसते. आपल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) असं असतं का? हात ड्रेपखाली (ऑपरेशनच्या चादरीखाली), सर्जन टेकून उभे, त्यात स्नायू ढिले करणारा रिलॅक्संट दिलेला, म्हणजे पेशंट हलणार पण नाही. लाईन निसटली तर प्रेशर वाढत नाही, मग अलार्म कशाला वाजेल, आणि स्क्रीनवर औषधाची पातळी ४ मायक्रोग्रॅम तशीच दिसत राहते कारण तो आकडा मोजलेला नसतोच, पंपानं हिशोबानं काढलेला असतो. सेव्होफ्लुरेनला (भुलीच्या गॅसला) निदान एंड-टायडल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातलं प्रमाण, तरी बघता येतं. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या नॅप-५ रिपोर्टात (भुलीत जाग येण्यावरच्या मोठ्या पाहणीत) हेच आलंय, टिवात पेशंटला जाग येण्याचं मोठं कारण म्हणजे ठरवलेला डोस अंगात पोचलाच नाही.

म्हणून ड्रेप टाका, खालून गुपचूप लाईन सोडा, दूध चादरीत मुरू द्या. पंप शांत, पल्स जराशी चढलेली, बीआयएस (मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल ते दाखवणारा आकडा, जास्त म्हणजे जागं) ४५ वरून हळूहळू ७० कडं. इथं फॅकल्टी बीआयएस टॅबवरून हातानं बदलत होते, बटण दाबलं की झटक्यात ८५, खरा पेशंट असा जागा होत नाही. आकडे मॉडेलच्या हिशोबानं चढले तर पोरांना शंका यायला वेळ मिळेल, आणि वेळेत शंका येणं हेच तर शिकायला आपण एवढ्या लांब जातो ना.

जेवण ठीक, फी जरा जास्त वाटली.

सेंटरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "बरोबर आहे सर, पुढच्या बॅचपासून टाकू." जाणाऱ्यांनी ड्रेप मागूनच घ्या.