ट्रॅव्हल नर्सचा हिशोब: सॅन फ्रान्सिस्को की ह्यूस्टन?

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स, म्हणजे थोड्या काळाच्या करारावर वेगवेगळ्या शहरांत काम करणारी नर्स, असलेल्या माझ्या भाचीपुढे १३ आठवड्यांचे दोन करार आहेत: एक कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोचा, दुसरा टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. पगाराचा आकडा सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा. पण राज्याचा आयकर आणि घरभाडं त्यातलं बरंच खातात. टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही, भाडंही कमी. मात्र ह्यूस्टनमध्ये गाडीवाचून अडतं. राहण्याचा भत्ता करमुक्त हवा असेल, तर कायमच्या घराचा खर्च चालू ठेवावाच लागतो; तो दोन्हीकडे धरा.

कामाचा ताण कमी असण्यात कॅलिफोर्निया स्पष्ट पुढे: कायद्यानेच आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त २ रुग्ण. मला हे पैशांइतकंच मोलाचं वाटतं.

कर्ज फेडायचंय, बचत हवीय तर ह्यूस्टन. कामाची सुरक्षितता आधी असेल तर कॅलिफोर्निया, पण फ्रेस्नोसारखं स्वस्त शहर बघून.